एक्केचाळीस मीटर, नऊ वाजता

"संस्कृती जमिनीच्या वर दिसते, पण तिला तोलून धरलेलं असतं ते जमिनीच्या खाली. ज्या शहराला आपल्या पायाखाली काय वाहतं हे कळलं, त्या शहराला काळसुद्धा हात लावू शकत नाही!"

मलनिःसारण खात्याच्या अभियंता साहेबांनी दोन नव्या रोबोंच्या स्वागत समारंभात हे वाक्य उच्चारलं तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर साहेबांनी रोबोंना खाली उतरवायची आज्ञा दिली, आणि मग लक्षात आलं, की ज्या झाकणातून त्यांना उतरवायचं ते झाकण साहेब उभे होते त्या मंचाच्या बरोबर खाली आहे. शहराच्या पायाखाली काय आहे हे साहेबांना ठाऊक होतं. स्वतःच्या पायाखालचं कुणाला विचारायचं राहून गेलं होतं. मंच सोडवायला पाऊण तास लागला. तोवर पाहुणे बिस्किटं खाऊन पांगले. रोबो पहिल्यांदा गटारात उतरले तेव्हा वर तीनच माणसं उरली होती: साहेब, खात्याची व्हॅन चालवणारी मावशी आणि रोबो चालवणारा ऑपरेटर.

त्यातले साहेब फोनवर बोलत होते.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. रोबो मात्र टिकले. एक लहान: सहा चाकं, पुढे दिवे आणि कॅमेरा, मागे लांबलचक केबल. पाईपमध्ये शिरायचं आणि कुठे काय बिघडलंय ते वर व्हॅनमधल्या स्क्रीनवर दाखवायचं, एवढं त्याचं काम. दुसरा मोठा, डोक्याला फिरतं पातं असलेला. तो दुरुस्ती करतो. खात्याच्या कागदांवर दोघांना ओळभर लांबीची नावं होती. मावशीनं पहिल्याच आठवड्यात ती रद्द केली आणि 'धाकटे जावई' आणि 'थोरले जावई' अशी नावं ठेवली.

"गरम पाण्यानं आंघोळ घाला, मऊ फडक्यानं पुसा, झाकून ठेवा," मावशी बोटं मोडून सांगायची. "जरा ओल लागली की रुसून बसणार. धाकटे येऊन खोडी काढणार, थोरले येऊन भोकं पाडणार. आणि एकदा उतरले की दोघांनाही आपल्या पायानं वर येता येत नाही, दोरीनं ओढावं लागतं. माझ्या घरी दोन आहेत, मला ओळख पटायला काय वेळ?"

धाकटे कायमचे खात्याकडे. थोरले मात्र शहराच्या चार विभागांत मिळून एक. ते पाळीपाळीनं राहायला यायचे आणि सोबत स्वतःचा माणूस आणायचे. त्याला सगळे कटरवाला म्हणत. कटरवाला थोरल्यांशिवाय दुसऱ्या कुणाशी फारसं बोलत नसे.

ऑपरेटर पंचेचाळिशीचा. रोबो येण्याआधी अठरा वर्षं तो स्वतः कमरेला दोर बांधून, गमबूट घालून खाली उतरत असे. आता तो व्हॅनमध्ये फिरत्या खुर्चीवर बसायचा. गमबूट अजून घालायचा, कारण काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली. आजार सात आठवड्यांचा. त्या सात आठवड्यांत रडायला सवड मिळाली नाही, आणि नंतर सवड मिळाली तर रडू येईना. लोक म्हणाले, येईल, अवचित येईल, भाजी चिरताना येईल, तिचा एखादा कपडा हाताला लागला की येईल. त्यानं भाजी चिरली. कपडे घड्या करून ठेवले. काही आलं नाही. दाराच्या फटीत बोट सापडलं की पहिला क्षणभर माणूस नुसताच बोटाकडे बघत राहतो, कळ नंतर येते. त्याचा तो क्षण चौदा महिने चालला होता. कुणी "कसा आहेस?" विचारलं की तो "ठीक" म्हणायचा, आणि पंचाईत अशी की ते खोटंही नव्हतं.

सासूबाई त्याच शहरात एकट्या राहत. त्यांची शेवटची भेट हॉस्पिटलच्या जिन्यात. तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं होतं, घरात ठेवलेली वस्तू जागेवर आहे का बघावं तसं, आणि ती नाही म्हणून मान फिरवली होती. निदान त्याला तसं वाटलं. पोटची पोर गेलेल्या बाईच्या दारात हे असे कोरडे ठणठणीत डोळे घेऊन काय जायचं? त्यापेक्षा फोन करावा, असं त्यानं ठरवलं. मग फोनही केला नाही. पहिल्या महिन्यात जाणं अवघड होतं, सहाव्यात लाजिरवाणं झालं आणि वर्ष उलटल्यावर अशक्य.

आणि मग एका सोमवारी कामाचा कागद आला. गल्ली सासूबाईंची.

मावशीला हे ठाऊक नव्हतं. ऑपरेटरनं सांगितलं नाही.

काम असं होतं. गल्लीखालचा पाईप म्हातारा होऊन जागोजागी तडकला होता. रस्ता न खणता तो नवा करायची एक युक्ती आहे. राळेत भिजवलेली कापडाची लांब नळी पाईपच्या आत सरकवतात, वाफेनं फुगवतात, आणि ती घट्ट होऊन जुन्याच्या आत नवा पाईप तयार होतो. खात्यात तिला 'मोजा' म्हणतात. मोज्याचा दोष एकच: तो घालताना घराघरांतून येणाऱ्या सांडपाण्याच्या जोडण्यांची तोंडं झाकली जातात. म्हणून धाकट्यांनी आधी जाऊन प्रत्येक तोंड कुठे आहे त्याची यादी करायची, किती मीटरवर आणि घड्याळात किती वाजता. डोक्यावर असेल तर बारा, डावीकडे असेल तर नऊ. मोजा बसला की थोरल्यांनी यादी बघून एकेक तोंड आतून कापून मोकळं करायचं. यादीत 'चालू' लिहिलेलं तोंड उघडायचं. 'बंद' लिहिलेलं कायमचं मिटवायचं. मोडलेल्या घरांच्या, सोडलेल्या मोऱ्यांच्या मेलेल्या जोडण्या पुष्कळ असतात.

चालू की बंद हे ओळखायला पाणी येतं का बघतात. नाहीच आलं, तर कुणीतरी त्या घरी जायचं, दार वाजवायचं, मोरीत हिरव्या रंगाची बाटली ओतायची. खाली कॅमेऱ्यापुढे हिरवं आलं तर चालू. या चाचणीशिवाय कुठलीही जोडणी बंद लिहायची नाही, असा नियम होता, आणि खात्यातला तो एकमेव नियम असा, की जो सगळे पाळत.

सोमवारी सकाळी ऑपरेटरनं झाकण उघडलं, वाकून धाकट्यांना दोरीनं खाली सोडलं आणि खुर्चीवर जाऊन बसला. गल्लीत तीन दिवस आधी पत्रकं वाटली होती: 'काम चालू असताना पाण्याचा वापर शक्यतो टाळावा.' त्यामुळे गल्लीत जोरात धुणी चालू होती.

"सात मीटर, तीन वाजता," ऑपरेटर माईकमध्ये बोलला. "चालू."

"साबण महागातला आहे," मावशी स्क्रीनकडे बघत म्हणाली. "फेस बघ कसा."

"तेरा मीटर, नऊ वाजता. चालू."

"चहा. इतकी पावडर टाकतात? यांच्याकडे पाहुणे आलेत." वरून घरं बघून माणसं ओळखता येत नाहीत, खालून कशी झटक्यात ओळखता येतात, हा मावशीचा आवडता विषय होता. "तीन वाजताच्या घरात कुणीतरी दाढी करतंय. नऊ वाजताचे लोक पालेभाजी धुताहेत, माती आहे."

एक्केचाळीस मीटरवर धाकटे थांबले. डावीकडे, नऊ वाजता, एक तोंड. स्वच्छ, धड, कुठे तडा नाही. आणि कोरडं.

ऑपरेटरनं अंतर मनात वर काढलं. निळं फाटक. वीस वर्षांपूर्वी त्या फाटकातून तो नव्या बुटांत आत गेला होता आणि दुसऱ्या पायरीला अडखळला होता. इथून मात्र ते घर एक वीतभर रुंदीचं भोक होतं.

वीस मिनिटं थांबले. थेंब नाही.

"जा, बाटली घेऊन ये ओतून," मावशी म्हणाली. "मी बघते इथं."

तो हिरवी बाटली घेऊन निघाला. फाटकापाशी गेला. दाराबाहेर एक चपलांचा जोड होता, एकाशेजारी एक, सरळ. तो त्या चपलांकडे बघत उभा राहिला. आपल्याला काही वाटतंय का, याचा त्यानं प्रामाणिकपणे अंदाज घेतला. पाय थोडे दुखत होते. मग त्यानं डावीउजवीकडे बघितलं, बाटलीचं बूच काढलं आणि फाटकाशेजारच्या झाडाच्या बुंध्याशी सगळी बाटली ओतली.

"आलं का काही?" व्हॅनमध्ये परतल्यावर त्यानं विचारलं.

"काही नाही. मेलेलीच दिसतेय. कुणी राहत नाही का?"

"नसावं," ऑपरेटर म्हणाला, आणि 'एक्केचाळीस मीटर, नऊ वाजता' समोर 'बंद' लिहिलं. साक्षीदाराच्या जागी मावशीनं सही केली.

त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं असं नाही. बुधवारी थोरले कापायला आले की कटरवाल्याच्या कानात सांगायचं, हेही एक उघडून टाक, झालं. यादीला कोण विचारतो?

यादीला कटरवाला विचारतो. मंगळवारी मोजा बसला. बुधवारी थोरल्यांनी दहा तोंडं उघडली. ऑपरेटर हळूच म्हणाला, "एक्केचाळीसला अजून एक आहे."

"यादीत बंद आहे," कटरवाला म्हणाला.

"उघडून टाक की. दोन मिनिटांचं काम."

"मेलेलं तोंड उघडलं तर माती आत येते. सही आणा." आणि त्यानं थोरल्यांची पाठ पुसायला घेतली. थोरले गुरुवारी पाच वाजता दुसऱ्या विभागात जाणार होते. तिथून त्यांची पाळी पुन्हा यायला सहा महिने. तोवर निळ्या फाटकातल्या एकट्या बाईच्या घरचं पाणी जाणार कुठे, याचं उत्तर ना यादीत होतं, ना ऑपरेटरकडे.

गुरुवारी सकाळी त्यानं मावशीला सगळं सांगितलं. मावशीनं व्हॅन बाजूला घेतली आणि थांबवली.

"सासू? सख्खी?"

"हो."

"जिवंत सासूला बंद लिहिलंस? आणि साक्षीला मी? अरे, माझ्या सासूला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, पण तिची मोरी नाही बुजवली कधी." तिनं स्टिअरिंगवर एक चापट मारली. "दार का नाही वाजवलंस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणे," मावशी म्हणाली आणि गाडी ऑफिसकडे वळवली.

साहेबांनी यादी समोर ठेवून घेतली.

"म्हणजे तुम्ही म्हणता, ही जोडणी चालू आहे."

"हो साहेब."

"पण बंद तुम्हीच लिहिलंय. हिरव्या पाण्याची चाचणी घेतली, असंही लिहिलंय. मग खोटं कोण? यादी का तुम्ही?"

"मी, साहेब."

साहेबांचा चेहरा पडला. चुकलेल्या माणसासाठी फॉर्म होता, न चुकलेल्या माणसासाठीही होता. खोटं बोललो म्हणणाऱ्यासाठी नव्हता.

"पुन्हा हिरवं पाणी सोडा. खाली दिसलं की मी सही करतो."

"मोजा बसलाय, साहेब. दिसणार नाही."

"दिसणार नाही, तर चालू कशी?"

"आपणच बंद केलीय, म्हणून दिसणार नाही."

"म्हणजे बंदच आहे ना?"

साहेबांनी यादी उलटी करून मागची कोरी बाजू बघितली. मग साहेबांना सुचलं. "रहिवाशाची तक्रार आहे?"

"नाही."

"बघा! म्हणजे रहिवाशाचीही हरकत नाही. लेखी तक्रार आणा, 'माझ्या घरचं सांडपाणी तुंबलं आहे' म्हणून, सहीनिशी. तक्रार आली की मी नाही म्हणू शकत नाही. पण पाचच्या आत."

तेव्हा पावणेबारा वाजले होते.

दुपारी साडेबाराला ऑपरेटरनं दार वाजवलं. आपलीच तक्रार लिहून मागायला जाणं हे तसं सोपं काम. त्यात डोळ्यांचा संबंध नव्हता.

सासूबाईंनी दार उघडलं. चष्म्यावरून बघितलं, चष्म्यातून बघितलं.

"या," त्या म्हणाल्या. "पाय जपून टाका."

पाय जपून टाकायचं कारण समोरच होतं. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला लागून बादल्या, पातेली, घमेलं, प्लास्टिकचा टब, एक जुना कुकर, आणि त्या सगळ्यांत काठोकाठ वापरलेलं पाणी. काहीत साबणाचा गेलेला फेस, काहीत भाताचे कण. अकरा भांडी.

"तुंबलंय?" त्यानं विचारलं.

"तुंबायला सोडलंय कुठे? साठवलंय. हे भांड्यांचं, ते कपड्यांचं. कुंड्यांना घालून बघितलं, पण कुंड्या तरी किती पिणार?"

"का साठवलंत?"

"तुम्ही खाली होतात ना."

ऑपरेटरनं आपल्या गमबुटांकडे बघितलं.

"सोमवारी सकाळी खिडकीतून बघितलं," सासूबाई सांगू लागल्या. "गमबूट घालून झाकणाशी वाकला होतात. मी पाणी तापवायला जाऊन परत येते तर दिसेनात. म्हटलं, उतरले. आता आपण इथे मोरी धुवायची आणि ते घाण पाणी खाली जावयाच्या डोक्यावर; बरं दिसतं का? गाडी रोज यायची, काम संपलं असं कुणी सांगेना, म्हणून मीही थांबले."

"पण गल्लीतले सगळे सोडत होते."

"त्यांचे जावई नव्हते खाली."

तो भिंतीला टेकला. टेकताना घमेलं हललं आणि थोडं पाणी गमबुटावर सांडलं.

"मी खाली नसतो, आई. आता यंत्र उतरतं. मी गाडीत बसतो. खुर्चीवर."

"आजच्या दिवस?"

"दोन वर्षं झाली."

सासूबाईंनी हिशेब लावला. त्या आतमध्ये कुठेतरी बघत होत्या. "ती तर शेवटपर्यंत सांगायची, रोज उतरतात, जिवावरचं काम आहे म्हणून."

"आधी उतरायचो. नंतर यंत्र आलं, ते तिला माहीत होतं."

"माहीत असणार. खुर्चीवर बसतात असं सांगितलं तर आईला कौतुक कमी वाटेल, असं वाटलं असेल तिला." त्यांनी एका पातेल्यावरचं ताट सरळ केलं. "वाटलंच असतं."

मग त्यानं कामाचं सांगितलं. लेखी तक्रार, सही, पाच वाजता. ऐकताना सासूबाईंची मान नकारार्थी हलू लागली ती थांबेचना.

"जावयाची तक्रार? मी नाही लिहायची."

"आई, त्याशिवाय मोरी उघडणार नाही."

"नाही उघडली तर नाही उघडली. पोरगी होती तेव्हा कधी तोंडी केली नाही, आता लेखी करू?"

"सहा महिने लागतील."

"अजून भांडी आहेत माझ्याकडे."

घड्याळात एक वाजून गेला. त्यांच्या या हट्टापुढे नियम, मोजा, कटरवाला, सगळं सांगून झालं. शेवटी त्याच्याकडे सांगण्यासारखं एकच उरलं, तेही त्यानं मीटर सांगावेत तशा आवाजात सांगितलं.

"मी सोमवारी फाटकापर्यंत आलो होतो."

"माहीत आहे. झाडाला औषध घातलंत."

"औषध नव्हतं ते."

"मलाही वाटलंच, औषध असं डावीउजवीकडे बघत कोण घालतं?"

"ते तुमच्या मोरीत ओतायचं होतं. दार वाजवायचं नव्हतं म्हणून तिथे ओतलं आणि तुमची मोरी बंद आहे असं लिहिलं. खोटं लिहिलं. चूक नाही झाली, आई, मी केलं."

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्याला बसा म्हणाल्या नाहीत, कारण दुसऱ्या खुर्चीवर टब होता.

"मला रडू आलं नाही अजून," तो म्हणाला. "म्हणून यायचं राहिलं."

"एवढंच ना?" सासूबाई म्हणाल्या. "मलाही नाही आलं. डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे पडलेत, थेंब घाला. घालते, सकाळ-संध्याकाळ. ते गालावर येतात तेवढंच." मग त्यांनी हात पुढे केला. "कागद द्या. पेन आहे का, का तेही खाली गेलं?"

त्यांनी सावकाश लिहिलं, एकेक अक्षर सुटं. 'महोदय, माझ्या घरचे सांडपाणी तुंबले आहे. यात माझ्या जावयाचा काही दोष नाही.' खाली सही.

"ते दुसरं वाक्य खोडा, आई. दोष आहे."

"खोडाखोड केलेला कागद चालत नाही ऑफिसात. मला ठाऊक आहे."

साहेब जेवायला गेले होते. साहेबांचं जेवण आटोपलं, मग एक बैठक आटोपली, आणि साडेतीनला त्यांनी कागद हातात घेतला. आधी सही केली, मग वाचला. त्यांची पद्धत तशी होती.

"जावयाचा दोष नाही? बरोबर आहे, यंत्राला दोष कोण देतंय?" खात्यात आता साहेबही रोबोंना जावईच म्हणत. "रहिवासी समजूतदार दिसतात."

चार वाजून वीस मिनिटांनी कटरवाल्यानं सही नीट, उजेडात धरून तपासली आणि थोरल्यांना खाली सोडलं. मावशी केबलच्या चाकाशी उभी राहिली. ऑपरेटर खुर्चीवर बसला नाही.

"एक्केचाळीस मीटर," मावशी म्हणाली. "बघ नीट, माझी अब्रू आहे तिथे."

थोरल्यांनी मान डावीकडे वळवली. पातं फिरलं. मोज्याचा भुसा स्क्रीनवर उडाला आणि काळं गोल भोक उघडलं, वीतभर रुंद. सगळे बघत राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं.

"कोरडं आहे," कटरवाला म्हणाला. "सांगत होतो. मेलेलं उघडलंत."

"थांबा," ऑपरेटर म्हणाला आणि व्हॅनमधून उतरून चालू लागला. मग धावला, गमबुटांत धावणं दिसायला बरं दिसत नाही, पण गल्लीत कुणी बघत नव्हतं.

सासूबाई मोरीच्या दारात उभ्या होत्या. हातात भरलेली बादली, तशीच धरून. किती वेळ धरली होती कोण जाणे.

"सोडा, आई. झालं."

"खाली कुणी नाही ना?"

"कुणी नाही."

"नक्की?"

"मी इथे आहे."

हे त्यांना पटलं असावं. त्यांनी बादली ओतली. पाणी जाळीवर जरा घुटमळलं, गोल फिरलं आणि गेलं. थोड्या वेळानं पाईपमधून खोल, लांब आवाज आला. ऑपरेटरचा फोन वाजला. "आलं रे, आलं!" मावशी तिकडून ओरडत होती. "भांड्यांचं आहे. भात आहे त्यात. सांग त्यांना, भात चांगला शिजवतात!"

त्यानं सांगितलं. सासूबाई "हं" म्हणाल्या.

मग तो एकेक भांडं उचलून आणू लागला आणि त्या ओतू लागल्या. घमेलं, टब, कुकर. कपड्यांचं, तांदूळ धुतल्याचं, कशाचं हे दोघांनाही न आठवणारं. अकरावं पातेलं रिकामं झालं तेव्हा बाहेरून थोरल्यांच्या गाडीचा निघायचा भोंगा ऐकू आला. पाचला पाच मिनिटं कमी होती.

ऑपरेटर मोरीच्या दारातच उभा राहिला, जाळीकडे बघत. पाणी निघून गेल्यावर ती जाळी चकचकीत दिसत होती. आता काहीतरी म्हणायला हवं, असं त्याला वाटलं. चौदा महिन्यांनी माणूस एखाद्या घरात येतो, काहीतरी म्हणायची पद्धत असते. बायकोचं नाव घ्यावं का? घेतलं तर कसं, कुठल्या आवाजात? त्यानं एकदा घसा साफ केला. सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे वळल्या. जिन्यात बघितलं होतं तसंच निरखून बघितलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या.

"हां, आई."

"आता जरा बाहेर व्हा. मला आंघोळ करायची आहे. सोमवारपासून राहिलीय."